वेड्या बाभळीचे तुरे

आधी एक गोष्ट सांगून टाकते. चवळी मीही खाते, पण जारा लोक खातात तशी नाही. जारा माणसानं चवळीच्या भांड्यात तोंड घातलं की ते तळ दिसल्यावरच बाहेर येतं, आणि मग त्याच्या शेजारी झोपणाऱ्याची खैर नसते. हे मी कुठल्याही जाराच्या तोंडावर म्हणू शकते. गावप्रमुखाच्याही. कारण मी त्राओरे आहे.

त्राओरे आणि जारा ही दोन कुळं, आणि त्यांच्यात चेष्टेचं नातं. आमच्या कुठल्या तरी खापरपणज्यांनी शपथेवर बांधून दिलेलं. त्यांनी आम्हाला चवळीखाऊ म्हणायचं, आम्ही त्यांना म्हणायचं. ताटातला घास उचलायचा, दारातली चप्पल पळवायची, कोंबडी धरून न्यायची. समोरच्यानं रागवायचं नाही. जो रागावला त्याची सात गावांत शोभा.

मी या गावात लग्न होऊन आले त्याला चाळीस वर्षं झाली. नवरा जारा, मुलगा जारा, नातवंडं जारा, अर्धं गाव जारा. मी मात्र जन्मले त्राओरे आणि मरेन त्राओरे. तेव्हा तुम्हीच विचार करा, या चाळीस वर्षांत माझी जीभ किती चालली असेल. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा मी त्याच्या भावांना म्हटलं, "नीट उचला रे, चवळीनं जड झालाय." ते रडता रडता हसले. तीच तर रीत.

पहिला नातू झाला तेव्हा त्याच्या कानात पहिलं वाक्य माझं पडलं. "आलास का रे चवळीखाऊ!" आमच्याकडे नातवाला शहाणपण आलं हे कधी कळतं? तो आजीला उलटून चवळीखाऊ म्हणतो तेव्हा. मी वाट बघत होते. दीड वर्षाचा होऊन पोरगा पावसाळ्याच्या शेवटी हिवतापानं गेला. पुढे दुसरा झाला. त्यालाही मी तेच म्हटलं. तो दोन वर्षांचा झाला, 'आजी' म्हणायला लागला, 'पाणी' म्हणायला लागला, आणि बाजरी कापणीला आली तेव्हा तोही तसाच तापात आकडी येऊन गेला. दोघंही मला शिवी परत न देता गेले. लोक म्हणतात, मुलं देवानं दिली, देवानं नेली. म्हणोत. मला राग येतो तो येतोच.

मग तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. सून न्येबा म्हणाली, "आई, हिला नाव तुम्हीच ठेवा." मी ठेवलं सुनुंकुन, उकिरडा. असलं नाव ऐकून मरण नाक मुरडून पुढे जातं म्हणतात. ती अडीच वर्षांची झाली तेव्हाची ही गोष्ट.

त्या वर्षी पाऊस सरत आला असताना आमच्या गावात याया आला. बामाकोच्या शाळेत शिकलेला, काटकीसारखा, डोळ्यांना चष्मा. गावानं त्याचं नाव ठेवलं डासवाला. संध्याकाळ झाली की घराघरांत दिव्याचे सापळे लावायचा आणि सकाळी डास गोळा करून मोजत बसायचा. मी एकदा त्याच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "अरे बाबा, शिकून शिकून शेवटी डास मोजायची पाळी आली का तुझ्यावर? आई रडत असेल तुझी."

"रडते ना," तो म्हणाला. "बसा मावशी, तुम्हाला गंमत दाखवतो."

त्याच्याकडे एक पांढरी ताटली होती, खाचाखाचांची. एकेका खाचेत एकेक डास ठेवून त्यानं चिरडला आणि वर कसलंसं औषध सोडलं. आम्ही बोलत बसलो. थोड्या वेळानं बघते तो काय, अर्ध्याहून जास्त खाचांत पाणी निळंहिरवं झालेलं!

"हे काय रे?"

"साखर. यांच्या पोटात साखर आहे. ही झाडावरून प्यायली."

"झाडावरून? डास तर रक्त पितो!"

"नर कधीच पीत नाही. मादी पिते ती अंडी घालायची असतात तेव्हा. एरवी दोघांचं पोट फुलांच्या रसावर. तुमचा घाटा, तसा त्यांचा रस." त्यानं बोट केलं ते विहिरीपलीकडच्या कुंपणाकडे. "तिथं आहे त्यांचा बाजार."

ते कुंपण वेड्या बाभळीचं. विहिरीपासून सुरू होतं ते भाजीच्या मळ्याला वळसा घालून आमच्या सगळ्यांच्या परसाला लागून जातं. माझ्या खोलीपासून दहा पावलांवर. पाऊस गेला, गवत वाळलं, बाकीची झाडं बोडकी झाली तरी त्याच्यावर पिवळे तुरे लोंबत असतात. आम्ही म्हणायचो, काय सुरेख!

"पण हिवतापाशी याचा काय संबंध?" मी विचारलं.

"मादीनं तापकऱ्याचं रक्त प्यायलं की तो ताप तिच्या पोटात पिकायला दहाबारा दिवस लागतात. त्याआधी ती कितीही चावली तरी ताप देत नाही. म्हणजे ताप देते ती म्हातारी मादी. रस मिळाला तर ती तेवढी म्हातारी होते. नाही मिळाला तर बहुतेक आधीच मरते."

मी कपाळाला हात लावला. "म्हणजे सगळी पीडा म्हाताऱ्यांचीच म्हण की!"

तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "मावशी, मच्छरदाणी सोडायची नाही, औषध सोडायचं नाही. आणि तुरे काढून इथं काय फरक पडेल ते मला ठाऊक नाही. काढले तर मोजता येईल, एवढंच. पण तुमचे प्रमुख हात लावू देत नाहीत."

आमचा प्रमुख म्हणजे झुमाना जारा, माझ्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं, ते मी आधीच सांगते. मी नवी नवरी होते तेव्हा वाळू उडत यायची ती थेट विहिरीत. गाव उठून जायच्या बेतात होतं. वनखात्याची माणसं रोपं टाकून निघून गेली, आणि झुमानानं ती एकेक करून लावली, दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी आणून जगवली. वाळू थांबली. तेव्हापासून गावाचा नियम: खाली पडलेलं सरपण न्या, जिवंत फांदीला लोखंड लावायचं नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर पुरुष कडुनिंबाखाली बसतात. चहाची दुसरी खेप उकळत होती. मी जाऊन समोर उभी राहिले.

"झुमाना, तुझ्या कुंपणाचे तुरे काढायचेत."

"या, या," तो म्हणाला. "हिला आज सकाळी चवळी मिळालेली दिसत नाही, झाडाचे तुरे खायला निघालीय."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मी म्हटलं, "झाड नाही तोडायचं. फक्त तुरे धरलेल्या फांद्या. डास त्यावर जगतात. डासवाल्यानं मला दाखवलंय, पाणी निळं झालं."

"डास फुलं खातात?" एकजण म्हणाला. "मग आमच्या शेळ्या रक्त पीत असतील!"

"अरे, माझे दोन नातू गेले," मी म्हटलं. "मी चेष्टा करत नाही."

काय सांगू तुम्हाला! एवढ्या वेळात आलं नव्हतं एवढं हसू तेव्हा आलं. कुणाच्या नाकातून चहा आला. "त्राओरे म्हणते, ती चेष्टा करत नाही!" झुमानानं डोळे पुसले. याया काही बोलायला उठला तर त्याला हातानं खाली बसवलं. "पाहुण्या, तू डास मोज. झाडं आम्ही सांभाळतो."

मी घरी आले आणि चुलीपुढे बसले. चाळीस वर्षं मी या गावात वाट्टेल ते बोलले, कुणी मला अडवलं नाही. मला वाटायचं, काय माझा मान! आता कळलं. माझी जीभ मोकळी सोडली होती कारण तिच्यावरून आलेला शब्द कुणी घरात घेतच नव्हतं. इतका संताप आला की कालवणात मीठ दोनदा टाकलं.

तीन दिवसांनी सुनुंकुनला ताप भरला.

दुपारची वेळ होती. पोर अंगणात खेळता खेळता भिंतीला टेकून बसली आणि थडथडायला लागली. त्या मोसमातला तिचा हा तिसरा ताप. न्येबानं तिला उचललं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या मुलानं, बाकारीनं, गाढवगाडी जुंपली. दवाखाना दोन तासांवर. वाटभर मी पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते आणि म्हणत होते, "ए चवळीखाऊ, डोळे उघड. ए उकिरड्या, ऐकतेस का?" ती फक्त दात वाजवत होती.

पोर वाचली. चार दिवस सुया टोचून घेऊन, अंगाचा सापळा होऊन घरी आली. न्येबानं तिला चटईवर निजवलं आणि म्हणाली, "आई, या वेळी वाचली." या वेळी. मी उठले, परसात गेले. समोर कुंपण. उन्हात पिवळं धमक, मधमाश्या गुणगुणताहेत, कसं नवरीसारखं सजलेलं. माझ्या अंगाची लाही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकारीचा कोयता घेतला, शेळ्यांना पाला पाडायची लांब आकडी घेतली, डोक्याला फडकं बांधलं आणि विहिरीपाशी गेले. पाणी भरायची वेळ. सगळ्या बायका तिथं. मी आकडीनं पहिली फांदी खाली ओढली आणि कोयता घातला.

बायकांच्या हातून दोर सुटले.

"सितानकाकी! अहो, काय करताय? प्रमुख..."

"प्रमुख चवळी खाऊन झोपलाय," मी मोठ्यानं म्हटलं. "मी त्राओरे आहे. जाराच्या घरातलं हवं ते उचलायचा मला हक्क आहे. आज मला फुलं हवीत."

फांदी, आणखी एक फांदी. वेड्या बाभळीचे काटे काय असतात ते ज्याला रुतले त्यालाच ठाऊक. कोपरापर्यंत रक्त आलं. पण हात थांबेना. सहासात झाडं झाली तोवर बातमी पोचलीच होती. झुमाना काठी टेकत आला, मागे पंधरावीस पुरुष. तो खाली पडलेल्या तुऱ्यांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता, मला क्षणभर वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

"सितान," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सगळ्यांसमोर विचारतो. ही चेष्टा आहे की खरं? चेष्टा असेल तर झाली तेवढी पुरे, कोयता ठेव, आम्ही हसतो आणि घरी जातो. खरं असेल तर तू गावाच्या झाडाला लोखंड लावलंस. मग गाव तुझ्या मुलाला काय करायचं ते ठरवेल. बोल."

बघा म्हातारा कसा हुशार! दोन्हीकडून दार लावून घेतलं. खरं म्हटलं तर बाकारीचं घर उठणार. चेष्टा म्हटलं तर तुरे तसेच लोंबणार, आणि पोर चटईवर.

मी कोयता दुसऱ्या हातात घेतला. मग मी म्हटलं, "चेष्टा आहे."

लोकांनी श्वास सोडला. कुणीतरी हसायलाही लागलं.

"चेष्टा आहे," मी म्हटलं, "आणि ती संपलेली नाही. तुरे वीस दिवसांनी परत येतात. मी वीस दिवसांनी परत चेष्टा करीन. मग परत. पुढच्या पावसाळ्यात, त्याच्या पुढच्या. आपल्या पणज्यांनी सांगून ठेवलंय का रे झुमाना, की चेष्टा कधी थांबवायची? कुणाला माहीत असेल तर सांगा. नसेल तर हसा. मी तुमच्यात येऊन खरं बोलले तेव्हा हसलात ना? मग आता का तोंडं शिवली? हसा की! आणि तू रागावला असशील तर तसं म्हण. सात गावांना सांगते, झुमाना जारा एका त्राओरे म्हातारीवर रागावला."

झुमानाला रागवता येईना. हसू पण येईना. मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पुढच्या झाडाला आकडी लावली. हात इतके दुखत होते की आकडी वर जाईना. मनात म्हटलं, सितान, कुंपण पाऊण कोसाचं आणि तू साठीची. एकटीनं किती करशील?

तेवढ्यात विहिरीला लागूनच असलेल्या प्रमुखाच्या घराचं परसदार वाजलं.

त्याची धाकटी बायको जेलिका बाहेर आली. बावीसतेवीस वर्षांची. गावात येऊन चार वर्षं झाली, पण तिचा आवाज कसा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. पाठीला आठ महिन्यांचं पोर बांधलेलं, पोराचे डोळे तापानं चिकटलेले. हातात कोयता. ती नवऱ्याच्या बाजूनं सरळ चालत गेली, त्याच्याच दारासमोरचं झाड गाठलं आणि टाचा उंचावून तुऱ्याची फांदी तोडली.

"जेलिका!" झुमाना ओरडला.

ती वळली. घाबरली होती. म्हणाली, "मी पण त्राओरे आहे." आणि मग जरा थांबून, पहिल्यांदाच, "जा. घरात चवळी उकडून ठेवलीय."

विहिरीपाशी आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग दोर बाजूला टाकून एकेक पुढे यायला लागली. या गावात लग्न होऊन आलेल्या त्राओरे बायका किती आहेत हे तोवर कुणी मोजलंच नव्हतं. आम्ही अकरा निघालो. एक तर ऐंशीची, तिला कोयता उचलत नव्हता, ती नुसती खालून शिव्या पुरवत होती. ज्या त्राओरे नव्हत्या त्या म्हणाल्या, आम्ही लोखंड लावत नाही बाई, आम्ही पडलेलं सरपण उचलतो. तोडलेल्या फांद्यांचे भारे जमिनीला टेकतही नव्हते.

पुरुष उभे होते. रागवावं तर अब्रू जाते, आणि अडवायचं तर अडवणार कुणाला, स्वतःच्या बायकांना? शेवटी शेळ्या रक्त पितात म्हणणारा तो मुत्सद्दी पुढे आला आणि आपल्या बायकोला म्हणाला, "ती वरची राहिली बघ, आंधळे." तिनं त्याच्याच हातात आकडी दिली.

झुमाना घरात निघून गेला. चवळी खाल्ली की नाही, मला माहीत नाही.

वीस दिवसांनी आम्ही परत गेलो. मग परत. यायानं आपली मोजणी केली. म्हणाला, सापळ्यात डास कमी येताहेत, त्यातही म्हाताऱ्या माद्या फार कमी. मी म्हटलं, "मग झालं की!" तर म्हणतो, "नाही मावशी, एका गावावरून काही सिद्ध होत नाही, पाऊसही यंदा लवकर थांबला." काय माणूस आहे! स्वतःच्या तोंडातला घास काढून ताटलीत मोजत बसेल. त्या मोसमात गावात ताप आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला. जेलिकाचं पोर वाचलं. दुसऱ्या आळीतलं एक गेलं, आणि त्या दिवशी आम्ही अकराजणी कोयते घेऊन गेलो त्या अंधार पडेपर्यंत तोडत राहिलो.

झुमाना माझ्याशी चार महिने बोलला नाही. रागावला नव्हता, नुसता बोलत नव्हता. मग एका सकाळी माझ्या दारात आला, काठीला अडकवून एक वाळकी तुऱ्याची फांदी आणलेली. ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "मशिदीमागची राहिली होती. डोळे फुटले का तुझे, चवळीखाऊ?" मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि गेला.

पुढचा पाऊस सरला. बाजरी परत कापणीला आली. हाच तो काळ, दोन्ही नातू गेले तो. मी रोज सकाळी सुनुंकुनच्या कपाळाला हात लावून बघायची, आणि ती रोज माझा हात झटकायची. त्या दिवशी अंगणात आम्ही जेवायला बसलो होतो. बाजरीचा घाटा, गोरखचिंचेच्या पाल्याचं कालवण, आणि एका वाडग्यात चवळी. पोरीनं वाडगं दोन्ही हातांनी ओढून पुढ्यात घेतलं.

"बघा, बघा," मी म्हटलं. "काय गं चवळीखाऊ! भांड्यासकट खाशील का?"

तिनं वर बघितलं. तोंड भरलेलं, हनुवटीवर दोन दाणे. नीट गिळलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तूच चवळीखाऊ! म्हातारे! रात्री घर हलतं ते तुझ्यामुळे!"

न्येबाचा हात तोंडावर गेला. बाकारी खो खो हसायला लागला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या त्या घाट्यात पडत होत्या. पोर बावचळली, तिला वाटलं मी रागावले.

"नाही गं," मी म्हटलं. "परत म्हण. ही तुझी झाली. आता तुझ्या थोरल्या भावाची म्हण."

"तूच चवळीखाऊ," ती म्हणाली.

"आता धाकट्याची."

"तूच चवळीखाऊ," सुनुंकुन म्हणाली, आणि वाडग्यात परत हात घातला.